शेजाऱ्याला बोलवा

११ मार्च १९९४, शुक्रवार. सकाळपासून मी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या ट्रंक बोर्डाच्या सामानाची यादी करते आहे. बोर्ड भंगारात जायचा आहे. आता जळगावातून दिल्ली-मुंबई लोक स्वतःच फिरवतात, आमची गरज उरलेली नाही. खुर्च्या अकरा, पैकी तीन मोडक्या. हेडफोन चौदा. पितळी पिनांच्या दोऱ्या मोजायच्या बाकी आहेत. तिसऱ्या जागेच्या लाकडी फळीवर पेन्सिल आपटून पडलेले खळगे आहेत. यादीत खळग्यांना रकाना नाही, म्हणून मी ‘फळी, खराब’ असं लिहिलं.

दुपारी तीनच्या सुमारास धुळ्याहून फोन आला. बोरसेबाई गेल्या. सकाळी गेल्या आणि दुपारी सगळं उरकलंसुद्धा. कोणाला खोळंबून ठेवायचं नाही असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या भाच्याने विचारलं, “सुमनताईला तुम्ही कळवाल ना?”

मी हो म्हटलं. सुमनची आज सुट्टी आहे आणि तिच्या घरी फोन नाही. तिच्या ऑफिसात निरोप ठेवता आला असता, पण निरोप चार तोंडांतून जातो आणि वाटेत बिघडतो. उद्या सकाळी आठला ती बोर्डावर बसेल. तिला मीच सांगायचं आहे, आणि कसं सांगायचं ते ठरवायला माझ्याकडे एक रात्र आहे.

बोरसेबाई आमच्या सुपरवायझर. जिल्ह्यात त्यांना पाहिलेली माणसं थोडी, पण आवाज सगळ्यांना ठाऊक. “जळगाव ट्रंक, बोला.” एवढ्या तीन शब्दांवर चोपडा, यावल, रावेर, भुसावळ अशा साऱ्या गावांचे ऑपरेटर पाठ सरळ करून बसत. प्रत्यक्षात बाई जेमतेम पाच फूट होत्या. नऊवारीतून सहावारीत उशिरा आलेल्या, त्यामुळे निऱ्या नेहमी जरा वर. कामावर बसण्याआधी हात धुवायच्या, चपला काढून खुर्चीखाली ठेवायच्या आणि ज्येष्ठमधाची काडी गालात धरायच्या. डाव्या कानाला हेडफोन, उजवा कान उघडा. डाव्या कानाने जिल्हा ऐकायच्या आणि उजव्याने आम्हाला.

शिकवण्याची भाषा त्यांची स्वतःची होती. कोणी पडक्या आवाजात बोललं की पेन्सिल फळीवर तीनदा आपटायची. “आवाज उभा ठेव. बसलेल्या आवाजावर समोरचा चढून बसतो.” कोणी घाईने पिन खोचली की, “आधी ऐक, मग जोड.” गिऱ्हाइकाने कितीही शिव्या दिल्या तरी उलट बोलायचं नाही, नंबर तेवढा पुन्हा विचारायचा. “शिव्या देऊन झाल्या की तो नंबर सांगतोच. दुसरं सांगण्यासारखं त्याच्याकडे उरत नाही.”

एकदा एका माणसाने कलेक्टर कचेरीतून बोलतोय असं सांगून मुंबईची लाइन ताबडतोब मागितली. आवाज भारदस्त होता. मी जोडायला निघाले होते. बाईंनी माझा हात धरला आणि स्वतः बोलल्या, “साहेब, तुमची चोपड्याची बस लागली आहे. आधी ती पकडा.” पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मला विचारलं, “लते, तुला मागचा एसटी स्टँडचा भोंगा ऐकू आला नाही?” मला आला नव्हता. मी फक्त माणूस ऐकत होते.

अशा बाईंच्या गळ्यात १९८६ साली सुमन पडली.

केळीच्या पट्ट्यात एक तालुक्याचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण त्या ऑफिसात आजही माणसं काम करतात. तिथे लहान बोर्ड होता. गावातले लोक तिथे ट्रंक कॉल नोंदवायचे, तिथली ऑपरेटर तो आम्हाला द्यायची आणि आम्ही पुढे दिल्ली किंवा कानपूर मिळवायचो. सकाळी नऊ ते साडेदहा ही तिथली जीवघेणी वेळ. दिल्लीच्या मंडईत भाव फुटायचा आणि गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला तो शेजाऱ्याच्या आधी हवा असायचा. भाव कळला की केळीची कापणी सांगायची, वॅगन भरायच्या. कॉल नोंदवल्याच्या क्रमाने द्यायचा, हा नियम. जास्त पैसे भरून अर्जंट किंवा लाइटनिंग नोंदवला तर आधी. आणि कोणी अत्यवस्थ असेल, तर ऑपरेटर स्वतःच्या जबाबदारीवर तो कॉल जादा पैशाशिवाय पुढे घेऊ शकते.

त्या शेवटच्या नियमाने सुमनचा घात केला.

सुमन धुळ्याकडची. शिंदखेड्याच्या बाजूचं खेडं, मॅट्रिक झालेली, वय सत्तावीस, पदरात एक मुलगी. नवरा आमच्याच खात्यात लाइनमन होता. खांबावरून पडून गेला, म्हणून अनुकंपेवर हिला घेतलं. जागा रिकामी होती ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथले लोक बोलतात एक आणि ही बोलते एक. ती घाबरली की तोंडातून अहिराणी यायची आणि व्यापारी फोनवरच नक्कल करायचे, “काय करी राहिनी व बाई?” मग ती आणखी घाबरायची, नंबर चुकायचे, कानपूरचा कॉल नागपूरला जायचा.

तक्रारी आल्या. पहिल्या चुकीच्या नंबरांच्या, मग वेगळ्याच. सकाळी आठला नोंदवलेला कॉल साडेदहाला मिळतो आणि साडेनऊला नोंदवणाऱ्याला आधी मिळतो. ही बाई कोणाकडून तरी काही घेते, असंही एकाने लिहिलं.

आमच्या साहेबांनी बोरसेबाईंना बोलावलं. मी दाराशी सहीचे कागद घेऊन उभी होते.

“तीन महिने. त्यानंतर मी स्वतः एक दिवस तिचं काम ऐकणार. नाही जमलं तर तिला चौथ्या श्रेणीत टाकतो. पाणी भरेल, झाडू मारेल.”

“मला तिथे आठ दिवस जाऊ द्या, साहेब.”

“तुमची पाळी कोण बघेल? आणि प्रवासभत्ता कोण मंजूर करेल?”

“मग तिला इकडे पाठवा.”

“तिथे माणसं किती आहेत? तीन. तिला उचलली तर बोर्ड बंद.”

“म्हणजे तारेवरून शिकवायचं.”

“तुम्ही जन्मभर तारेवरच बोलताय की,” साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर मी बाईंना माझं मत सांगितलं. मत असं की शिकवण्यात वेळ घालवू नये. झाडू मारण्यात कमीपणा नाही, पगार मिळतो, आणि बोर्डाला कान लागतो तो तिला नाही. बाईंनी ऐकून घेतलं. “तुलाही पहिली दोन वर्षं नव्हता,” म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून साडेअकराचा तास सुरू झाला. त्या वेळी लाइन मोकळी असायची. बाई तिसऱ्या जागेवर बसायच्या, मी चौथ्या. मला एक बाजू पूर्ण ऐकू यायची आणि मधून मधून दुसरीही, कारण बाई मला हेडफोन लावायला सांगायच्या. “तूही ऐक. माझं काही चुकलं तर सांग.” मी कधी काही सांगितलं नाही. चुकत नव्हतं म्हणून नव्हे, हिंमत नव्हती म्हणून.

पहिला आठवडा नुसते आकडे. सुमनने टेलिफोनची डिरेक्टरी वाचायची आणि बाईंनी ऐकायचं.

“सत्तावीस.”

“गिळलास. पुन्हा.”

“सत्तावीस.”

“तू खाली वाकून बोलतेस. मान वर.”

पलीकडून दबकत, “तुम्हाला दिसतं का बाई?”

“आवाज पोटातून येत नाही, गळ्यातून येतोय. खुर्ची पुढे घे, पाय टेकव. पुन्हा.”

एके दिवशी एकच नंबर त्यांनी तिच्याकडून इतक्यांदा म्हणून घेतला की मलाच रडू यायची वेळ आली. सुमन रडलीच. बाई म्हणाल्या, “रड. हेडफोन काढून रड, तारेवर नको. तीन मिनिटं देते.” आणि खरोखर घड्याळाकडे बघत तीन मिनिटं थांबल्या. त्यात मला क्रूरपणा दिसला. आज कळतं की तीन मिनिटं कोणी आपल्यासाठी थांबणं हे त्या सुमनला नवीन असावं, पण तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं, म्हणून उगीच लिहीत नाही.

महिनाभरात आकडे सुधारले. तक्रारी मात्र थांबेनात. सकाळचे कॉल अजून उलटसुलट जात होते. एक दिवस बाईंनी तिच्याकडून मागच्या महिन्याची सगळी तिकिटं वाचून घेतली. प्रत्येक कॉलचं एक तिकीट असतं. कोणी, कुठे, किती वाजता, आणि आधी दिला असेल तर का.

“का, ते वाच.”

“माणूस सिरियस.”

“पुढचं?”

“माणूस सिरियस.”

“त्याच्या पुढचं?”

“तेच आहे बाई.”

बाई म्हणाल्या, “सुमन, तुझ्या गावात साथ आहे का?”

“नाही, बाई.”

“मग एवढी माणसं मरायला टेकली आहेत, सगळी सकाळी नऊ ते साडेदहात, आणि सगळ्यांचे नातेवाईक दिल्लीच्या मंडईत केळी विकतात? या डोंगरशेठची आत्या दोनदा सिरियस आहे. पहिल्यांदा बरी झाली वाटतं.”

मी हसले. सुमन हसली नाही. ती घाईघाईने बोलायला लागली आणि बोलता बोलता तिची भाषा सुटली. “माले माहित शे बाई, त्या खोटं बोलतस. पन बठ्ठाच खोटा शेतस का? एखादा तरी खरा व्हई ना? मी त्याले थांबाडं आनि तो खरा निंघना तर?”

बाईंची पेन्सिल आपटली नाही. मग जे झालं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. बाई स्वतः धुळ्याच्या, हे आम्हाला ठाऊक होतं, पण ऑफिसात त्यांच्या तोंडून पुस्तकी मराठीशिवाय अक्षर निघत नसे. त्या अगदी हळू म्हणाल्या, “सुमन, माले सांग. तुना घर काय व्हयनं व्हतं?”

झालं होतं ते असं. नवरा सकाळी साडेआठला पडला. त्याच्या सोबतच्या माणसाने सुमनच्या गावी कळवायला कॉल नोंदवला. घाबरलेला माणूस, त्याला अर्जंट म्हणायचं सुचलं नाही, कोणी सिरियस आहे हेही सांगितलं नाही. नंबर तेवढा सांगितला आणि वाट बघत बसला. कॉल क्रमाने लागला, दुपारी दीडला. नवरा दवाखान्यात बारापर्यंत जिवंत होता.

तास संपल्यावर मी बाईंना विचारलं, “त्या दिवशी बोर्डावर कोण होतं?”

“नियमाने काम करणारी कोणीतरी,” बाई म्हणाल्या. “तुझ्यामाझ्यासारखी.”

यापुढे सरळ मार्ग एकच होता. तिला सांगायचं की सिरियसचा कॉल अजिबात पुढे घ्यायचा नाही. नियमात तशी सक्ती नव्हतीच. महिन्याभरात तक्रारी बंद झाल्या असत्या आणि नोकरी वाचली असती. मी हे बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, “मग तिला बोर्डावर बसवायचं कशाला? क्रमाने तर यंत्रही देईल.” आज माझ्यासमोर ते आपोआप जोडणारं यंत्र भिंतीला लावून ठेवलंय, म्हणून हे वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यांनी सुमनला एक प्रश्न शिकवला.

“आपल्याकडे माणूस गेला तर लांबच्या मुलाला काय सांगतात?”

“सिरियस आहे, निघून ये.”

“मुलाला सांगतात?”

सुमन विचार करत होती. मग म्हणाली, “नाही. त्याला नाही सांगत. शेजाऱ्याला सांगतात. मेव्हण्याला, नाहीतर दुकानातल्या माणसाला. तो जवळ जाऊन बसतो, मग सांगतो.”

“आणि भाव विचारायचा असेल तर?”

“पेढीवर जो उचलेल तो चालतो.”

“मग कोण आजारी आहे हे विचारत बसू नको. त्यात सगळे तयार असतात. आत्या, मावशी, सासू, ज्याला जी मारायची ती मारतो. तू विचारायचं, फोनवर कोणाला बोलावू? पेढीवर कोणीही, असं म्हणाला तर रांगेत ठेव. ज्याच्याकडे खरी बातमी असते तो घरच्या माणसाला फोनवर मागत नाही. शेजाऱ्याला बोलवा, म्हणतो.”

एवढंच. आजवर कुठल्या प्रशिक्षणात मी हे ऐकलेलं नाही आणि कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

पुढच्या काही आठवड्यांत गावातल्या आत्या, मावश्या पटापट बऱ्या झाल्या. व्यापारी चिडले. डोंगरशेठ सगळ्यांत जास्त. “अहो बाई, मह्या सासऱ्याचा जीव चालला अन् तुम्ही विचारता कोनाले बोलावू? बोलवा कोनालेबी!” सुमन उभ्या आवाजात म्हणायची, “शेठ, तुमचा नंबर सातवा.” मात्र दोनदा तिने डोंगरशेठच्याच हाकेला फसून कॉल पुढे दिला. तो ओरडला की तिचा हात हलायचा. त्या दोन कॉलांची तक्रार तीन व्यापाऱ्यांनी मिळून थेट साहेबांकडे केली.

साहेबांनी तपासणीचा दिवस ठरवला. सोमवार, सकाळची पाळी. त्या दिवशी सुमनच्या बोर्डावरचं बोलणं जळगावला ऐकू येईल अशी एक लाइन उघडी ठेवली. तिला याची कल्पना होती. साहेबांनी बाईंना बजावलं, “तुम्ही तिला एक शब्द सुचवायचा नाही. तिने दिल्ली मागितली तर द्या, बाकी मुकाट. आणि एक सांगून ठेवतो, आज त्या सिरियसच्या भानगडीत फसली की मी तिथेच शेरा लिहिणार.”

नऊ वाजता साहेब बाईंच्या शेजारी बसले. त्यांच्या कानाला हेडफोन, माझ्याही. बाईंनी चपला काढल्या, ज्येष्ठमध मात्र घेतला नाही.

पहिला अर्धा तास सुरळीत गेला. सुमन नंबर घेत होती, परत म्हणून दाखवत होती, क्रमाने देत होती. एकाने नक्कल केली, तिने नंबर पुन्हा विचारला. साहेबांनी मान हलवली. दिल्लीची रांग वाढत गेली. एकदा दोन कॉल एकदम आले आणि तिने एकाचा नंबर दुसऱ्याच्या तिकिटावर लिहिला. लगेच दुरुस्त केला, पण साहेबांनी कागदावर रेघ मारली. बाई समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. पेन्सिल मुठीत.

नऊ चाळीसला डोंगरशेठचा आवाज आला.

“बाई, दिल्ली पाह्यजे.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. हा आवाज त्यांना त्याच्या तक्रारींच्या फोनांमुळे ठाऊक होता.

“नंबर बोला,” सुमन म्हणाली.

त्याने नंबर सांगितला.

“शेठ, हा तुमच्या पेढीचा नंबर नाही.”

“नाही.”

“कॉल ऑर्डिनरी की अर्जंट?”

“माणूस सिरियस हाये, बाई.”

साहेबांनी कागद पुढे ओढला. “पुन्हा तेच,” ते पुटपुटले. पेनचं टोपण काढल्याचा आवाज मला ऐकू आला. बाईंच्या मुठीत पेन्सिल तशीच होती. एक शब्द, नुसता खोकला, पेन्सिलचा एक टोला, काहीही चाललं असतं. त्यांनी काहीच केलं नाही.

“कोणाला बोलावू?” सुमनने विचारलं.

“समोरच्या दुकानात सरदारजी हायेत. त्याहिले बोलवा.” मग तो घसा खाकरून म्हणाला, “मह्या भावाले नका बोलवू.”

त्यानंतर तिच्याकडून काहीच ऐकू येईना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. दुसरे व्यापारी तिच्या बोर्डावर दिवे पेटवत असणार. मला वाटलं, घाबरली. साहेब बाईंना म्हणाले, “तिने मागितली तरी देऊ नका. हा माणूस ठग आहे.”

“तिने मागितली तर मला द्यावी लागेल,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलंत.”

तेवढ्यात लाइनवर आवाज आला. उभा, स्वच्छ, एकही अक्षर न गिळलेला.

“जळगाव, दिल्लीचा एक कॉल सगळ्यांच्या आधी घ्या. माणूस सिरियस. माझ्या जबाबदारीवर.”

बाईंनी पिन खोचली.

दिल्ली लागायला सात-आठ मिनिटं गेली. तेवढ्यात त्या गावातून दोघांचे ओरडण्याचे आवाज आम्ही ऐकले. एकाने सुमनला नोकरी घालवण्याची धमकी दिली. त्याला काय ठाऊक, ती घालवायची की ठेवायची ते इथेच ठरत होतं. सुमन प्रत्येकाला म्हणत होती, “तुमचा नंबर चौथा. तुमचा पाचवा.” मग दिल्ली लागली, सरदारजी आले, आणि डोंगरशेठ बोलायला लागला. एरवी आम्ही जोडून दिल्यावर बाजूला होतो. त्या दिवशी साहेब ऐकत राहिले, म्हणून आम्हीही.

“सरदारजी, डोंगर बोल रहा हूँ. जरा दुकान के अंदर जाओ. अंदर हो? पिताजी नहीं रहे. सुबह गए. प्रल्हाद को अभी मत बोलना. सिरियस है, इतना ही बोलना. और उसके साथ गाड़ी में बैठ जाना, सरदारजी. उसको अकेला मत भेजना.”

साहेबांनी हेडफोन काढून फळीवर ठेवला. पेनला टोपण लावलं, मग पुन्हा काढलं आणि कागदावर लिहिलं, ‘कामावर ठेवावे.’ उठून गेले. त्या दिवशीच्या दोन नव्या तक्रारींना उत्तरही त्यांनीच लिहिलं. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही.

साडेअकराला तास नेहमीप्रमाणे झाला. मला वाटलं होतं, बाई आज तरी काही गोड बोलतील. त्या म्हणाल्या, “तिकिटावर वेळ लिहिली नसशील. नऊ बेचाळीस. लिही.”

“हो बाई,” सुमन म्हणाली. मग विचारलं, “साहेब काय म्हणाले?”

“ठेवलं तुला. आता नऊ बेचाळीस लिही.”

पंधरा दिवसांनी डोंगरशेठने केळीचा भला मोठा घड तिच्या ऑफिसात पाठवला. तिने फोन करून विचारलं, काय करू? बाई म्हणाल्या, “परत पाठव. आज घड घेतलास तर उद्या तो तुला आजी मारून दाखवेल.” घड परत गेला. डोंगरशेठ त्यानंतर सुधारला असं नाही, पण सिरियस हा शब्द त्याने पुन्हा वापरला नाही. अर्जंटचे पैसे भरू लागला आणि त्यावरून कटकट करू लागला.

त्या तीन महिन्यांत या दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. पुढेही दोन वर्षं नाही. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी सुमन मुलीला घेऊन आली. उंच, रुंद खांद्याची बाई. बोरसेबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “मी तुला ठेंगणी समजत होते. आवाज बुटका होता ना तुझा.” मग तिच्या मुलीला नाव विचारलं आणि दोनदा परत म्हणायला लावलं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीनंतर. लग्नाला धुळ्याला गेले होते, तशीच त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत सुपात शेंगा घेऊन बसल्या होत्या. मला उजव्या बाजूला बसवलं. पस्तीस वर्षं हेडफोन लावलेला डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर. मी बोलताना त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. ज्या बाईने जन्मभर तोंड न बघता माणसं ओळखली, तिला आता तोंड बघावं लागत होतं. त्याचं त्यांना काही वाटत असलं तर दाखवलं नाही. “सुमन आवाज कसा लावते?” एवढं विचारलं. मी हाताचा पंजा ताठ उभा धरून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि शेंगा फोडत राहिल्या. मी निघाले तेव्हा शेजारच्या घरी फोन वाजत होता, बराच वेळ. बाईंनी मान वर केली नाही.

एवढं लिहून यादी पुरी केली. दोऱ्या बावन्न भरल्या.

आज, शनिवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी फोन लावला. त्या लहान बोर्डाला अजून महिनाभर आहे. रात्रभर जी वाक्यं जुळवली होती त्यांतलं एकही कामाचं नव्हतं, हे पहिल्या घंटेलाच कळलं.

“बोला, जळगाव.” सुमनच होती.

“सुमन, मी लता. तुझ्या शेजारी कोण आहे?”

“वंदना आहे. का हो?”

“तिला फोन दे.”

तार उघडी होती. मागे कुठलातरी पंखा कुरकुरत होता. कोण गेलं, ते तिने विचारलं नाही.

“बाई कधी गयात?”

“काल सकाळी. सगळं झालं. शांतपणे गेल्या.”

“नऊची धुळे गाडी सापडेल मला,” ती म्हणाली. मग हेडफोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मी वंदनाची वाट बघत थांबले आणि मागून मला सुमनचा आवाज ऐकू आला. उभा होता.

“दिल्लीचे तीन आहेत, वंदना. क्रमाने दे. मध्येच कोणी मागितली, तर आधी ऐक.”